होडी शाकारताना : वाचकांचे प्रश्न

मिशिगनमध्ये राहतो. यंदा जुनी होबी १६ घेतली, म्हणजे दोन पोकळ सांगाड्यांची (हलची) शिडाची होडी. जागा नाही, हिवाळाभर अंगणातच राहील. थंडीने फायबरग्लास तडकेल का?

नुसत्या थंडीला घाबरू नका, आत अडकलेल्या पाण्याला घाबरा. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं आणि सांधे आतून उकलतं. दोन्ही हलची मागची बुचं काढा, पुढची टोकं वीतभर उचला आणि होडी दोन-तीन दिवस तशीच ठेवा. पहिल्या वर्षी माझ्या होडीतून थेंबही येईना, म्हणून मी निर्धास्त झालो. सहज एका कुशीवर कलती केली, तर तांब्याभर पाणी निघालं! बुचं वसंतापर्यंत लावायचीच नाहीत. आत हवा खेळू दे. भोकांवर मात्र तांब्याची जाळी ठासा, नाहीतर उंदीर संसार थाटतात. लोखंडी काथ्या नको, त्याच्या गंजाचे डाग निघत नाहीत. आणि बुचं पिशवीत घालून सुकाणूच्या दांड्यालाच बांधा. एप्रिलमध्ये ती घरात कुठेच सापडत नाहीत.

ट्रॅम्पोलिन, म्हणजे दोन हलच्या मध्ये ताणलेलं बसायचं कापड, काढावंच लागतं का? वर ताडपत्री टाकणारच आहे.

काढाच. होडीचं वजन जेमतेम १४५ किलो. ट्रॅम्पोलिनवर हातभर ओला बर्फ साचला, तर त्याचंच वजन त्याहून जास्त भरतं. काढणं जमत नसेल तर निदान दोऱ्या सैल सोडा. ताडपत्री सपाट अंथरू नका. डोलकाठी उतरवून मधोमध आढ्यासारखी आडवी बांधा आणि दोन्हीकडे चांगला उतार द्या, म्हणजे बर्फ घसरून जाईल. दोन्ही टोकं उघडी हवीत. कोकणात पावसाळ्यात होड्या वर ओढून माडाच्या झापांनी शाकारत, तेच हे काम. फक्त ऋतू वेगळा.

ट्रेलरच्या रोलरवरच ठेवली तर?

आठवडाभर ठीक, पाच महिने नको. सगळा भार बोटभर जागेवर येतो आणि हल तिथे दबतो. दोन्ही हल जोडणाऱ्या आडव्या दांड्यांच्या खाली, हलच्या आकाराचे रुंद लाकडी ठोकळे द्या, वर जुनं कार्पेट.

शिडं घडी करून तळघरात ठेवू?

घडी नको, गुंडाळी करा. आधी गोड्या पाण्याने धुवा, खडखडीत वाळवा, शिडांत घातलेल्या ताठ पट्ट्यांचा ताण सोडा. आणि तळघर दमट असेल तर ती घरातल्या पलंगाखाली सरकवा. आमच्याकडे यावरून दरवर्षी भांडण होतं, पण शिडांवर बुरशी नाही.