कॉलेजात बेंचवर बसलो, कोच होता येईल का?

प्रश्न : नमस्कार सर, मी चोपड्याचा, टी.वाय.ला आहे. तीन वर्षं कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये आहे, पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ मांडणारा, पण हाइट ५ फूट ६ इंच त्यामुळे बहुतेक मॅच बेंचवरच गेल्या, उमविच्या (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या) इंटरझोनल स्पर्धेत दहा मिनिटं मिळाली तेवढीच. मला कोच व्हायचंय. घरी केळीचं शेत आहे, पप्पा म्हणतात ज्याला कोणी खेळवलं नाही तो दुसऱ्याला काय शिकवणार?

उत्तर : भाऊ, पप्पांना अमेरिकेतल्या डीन स्मिथ या बास्केटबॉल कोचबद्दल सांग. कॅन्सस युनिव्हर्सिटीची टीम १९५२ ला नॅशनल चॅम्पियन झाली तेव्हा हा टीममध्ये होता, पण राखीव, म्हणजे तुझ्यासारखाच बेंचवर. त्याचे कोच फॉग ॲलन, आणि ते स्वतः ज्यांनी हा खेळ शोधला त्या नेस्मिथच्या हाताखाली शिकलेले, म्हणजे बेंचवर बसून बघायलाही केवढं होतं बघ! पुढे तो १९६१ ला नॉर्थ कॅरोलायनाचा हेड कोच झाला तो १९९७ पर्यंत, ८७९ मॅच जिंकल्या, मायकल जॉर्डन फर्स्ट इयरला त्याच्याच हाताखाली खेळला. त्याचा एक नियम मला फार आवडतो, बास्केट केली की पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचं.

माझंच सांगतो. मी कॉलेजला बरा खेळायचो, सगळ्या मॅच खेळलो, पण सहावीच्या पोरांना ले-अप, म्हणजे पळत येऊन रिंगजवळ उडी मारून बॉल टाकणं, शिकवायला गेलो तर एकालाही जमेना. मी करून दाखवायचो, पोरं बघायची आणि परत उजव्याच पायावर उडायची, मी चिडायचो. आमच्या टीममधला एक बेंचवरचा मित्र सोबत होता, त्याने खडू घेतला आणि सिमेंटच्या कोर्टवर रिंगच्या उजव्या बाजूला पावलं काढली, उजवं, डावं, तिथून उडी. पोरं नुसती पावलांवरून चालली, मग पळाली, अर्ध्या तासात निम्म्यांना जमलं. मला ते सुचलंच नसतं, माझे पाय आपोआप पडायचे, त्याला एकेक पाऊल मोजून शिकावं लागलं होतं.

आता कामाचं. आधी डिग्री पूर्ण कर, खेळल्याची सर्टिफिकेटं जपून ठेव. पतियाळाच्या एन.आय.एस.ला (राष्ट्रीय क्रीडा संस्थेत) कोचिंगचा एक वर्षाचा डिप्लोमा असतो, सहा आठवड्यांचा छोटा कोर्सही असतो, अटी त्यांच्या साईटवर नीट वाच. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं असेल तर बी.पी.एड. लागतं, ते वेगळं. पहिली काही वर्षं नुसत्या कोचिंगवर घर चालणं अवघड आहे, म्हणून शेत सोडू नको, सकाळचा कोर्ट आणि मग केळी, जमतं.

आणि डिप्लोमाची वाट बघत बसू नको, तुझ्या जुन्या शाळेत विचारून या उन्हाळ्यातच पाचवी-सहावीची दहा पोरं घे. आपल्याकडे पारा ४४ ला जातो, सकाळी साडेसातच्या आत पोरं घरी गेली पाहिजेत. बॉल ५ नंबरचाच घे, ७ नंबरचा त्यांच्या हातात मावत नाही. १० फुटांची रिंग खाली घेता येत नसेल तर महिनाभर फक्त ड्रिबल, पास आणि ती खडूची पावलं.