भरलेला ट्रेलर ओढायला जुना घोडा घेताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: न्हावा शेवा बंदरातून भिवंडी आणि चाकणला कंटेनर नेण्याचे काम मिळत आहे. तीन अ‍ॅक्सलचा 40 फुटी स्केलेटन ट्रेलर माझ्याकडे आहे, फक्त घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक, घ्यायचा आहे. कळंबोलीत दोन गाड्या पाहिल्या. एक 2014 ची 3518, दुसरी 2019 ची, 45.5 टन पासिंगची, तीही 180 हॉर्सपॉवरची. पहिली जवळपास निम्म्या किमतीत मिळते. दलाल म्हणतो, दोघींची ताकद सारखीच. कोणती घ्यावी?
(एक वाचक, उरण)

उत्तर: ताकद सारखी आहे हे दलालाचे म्हणणे खरे आहे. 3518 मधले शेवटचे दोन आकडे म्हणजे 180 हॉर्सपॉवर. पण तुमचा धंदा पहिल्या दोन आकड्यांवर, म्हणजे टनांतल्या वजनावर, चालणार आहे, आणि तिथे या दोन गाड्यांत 10 टनांचा फरक आहे.

आरसीवर एकत्रित वजन लिहिलेले असते. घोडा, ट्रेलर, कंटेनर आणि माल, सगळे मिळून. जुलै 2018 च्या अधिसूचनेने अ‍ॅक्सलची वजने वाढली: पुढचा दोन टायरचा अ‍ॅक्सल 7 टन, मागचा चार टायरचा 11.5 टन, ट्रेलरचे तीन अ‍ॅक्सल मिळून 27 टन. बेरीज 45.5. तुमची 2014 ची गाडी त्याआधीची आणि मुळात दोन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरसाठी पास झालेली, म्हणून 35.2 टन.

आता वजाबाकी करा. दोन अ‍ॅक्सलचा घोडा साधारण 7 टन, तुमचा ट्रेलर 6 ते 6.5 टन. म्हणजे 13.5 टन रिकाम्या गाडीतच गेले. 45.5 मधून 32 टन उरतात, 35.2 मधून 21.7. भरलेल्या कंटेनरचे कमाल वजन 30.48 टन असते. 2019 ची गाडी ते उचलून नियमात राहते. 3518 वर मात्र 40 फुटी रिकाम्या डब्याचेच पावणेचार टन वजा केले की 18 टन माल उरतो. फर्निचर, कपडे असा हलका माल असेल तर ती पुरेल. रसायने, लाद्या, भंगार असा जड माल घेऊन येणारे 20 फुटी डबे तुम्हाला सोडून द्यावे लागतील.

सोडले नाहीत तर? 30 टनांचा डबा 3518 वर घातला तर 8 टनांहून जास्त ओव्हरलोड होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 प्रमाणे 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000, म्हणजे एकाच वेळी 36,000 च्या पुढे. जादा माल उतरवण्याचा खर्च तुमचाच. किमतीत वाचलेले पैसे अशाने फार दिवस टिकत नाहीत.

गाडीच्या नावावरही विसंबू नका. 40 पासून सुरू होणारे नाव जुन्या गाडीवर 40.2 टन असू शकते आणि 2018 नंतरच्या गाडीवर 39.5. सरकारच्या वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाका आणि तिथला आकडा आरसीशी जुळवा.

तुम्हाला चाकणला जायचे आहे, म्हणजे बोरघाट आला. 45.5 टन घेऊन 5 टक्के चढावर 180 हॉर्सपॉवरची गाडी ताशी साधारण 16 किलोमीटरने चढते, 220 ची 19 ने. 40 हॉर्सपॉवर जास्त घेऊन इतकाच फरक पडतो. त्यामुळे चढावरच्या वेगासाठी लाखभर रुपये जास्त मोजू नका, तेच पैसे ब्रेकच्या कामाला ठेवा. त्याचे कारण पुढच्या उत्तरात आहे.

---

प्रश्न: जुना घोडा तपासताना मेकॅनिक इंजिनचा आवाज ऐकतो, धूर बघतो आणि चांगला आहे म्हणतो. आणखी काय बघावे? गाडी घाटातच चालणार आहे.
(एक वाचक, खोपोली)

उत्तर: इंजिन बघाच, पण थंड असताना. विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा की आम्ही येण्यापूर्वी चालू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावून पाहा. चालू केल्यावर ऑइल भरायचे झाकण काढून उलटे ठेवा. ते जागेवर थरथरत राहिले तर ठीक. धुराने उडून पडले तर रिंगा-लायनर संपत आले आहेत. रेडिएटरचे झाकणही गाडी थंड असतानाच काढा. इंजिन चालू असताना पाण्यात सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट गेलेले आहे.

पण घाटात जीव इंजिनावर नसतो, ब्रेकवर असतो. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी जवळपास 500 मीटर खाली येते. 45 टनांची गाडी 5 टक्के उतारावर ताशी 20 च्या वेगाने नुसती धरून ठेवायला सुमारे 100 किलोवॉट उष्णता कुठेतरी जिरवावी लागते. घरातला गीझर 2 किलोवॉटचा असतो. तसे 50 गीझर एकाच वेळी चालू आहेत असे समजा. वेग 40 झाला की 100 गीझर. यातला जमेल तितका भाग इंजिन आणि एक्झॉस्ट ब्रेकने (धुराची वाट अडवून इंजिनकरवी गाडी रोखणारा ब्रेक) घ्यायचा असतो. उरलेला ब्रेक ड्रमवर जातो. ड्रम फार तापले की लायनिंगची (ड्रमला आतून घासणाऱ्या थराची) पकड सुटते, पेडल दाबलेले असूनही गाडी पळत सुटते.

म्हणून सर्वात आधी एक्झॉस्ट ब्रेक. रिकाम्या रस्त्यावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये 2000 आरपीएमला स्विच दाबा. गाडी मागून कोणी धरल्यासारखी वाटली पाहिजे. पुष्कळ जुन्या गाड्यांत सायलेन्सरच्या पाइपमधली त्याची फुलपाखरी झडप कार्बनने जाम झालेली असते, किंवा तिच्या सिलिंडरची हवेची नळी काढून बंद केलेली असते. दुरुस्ती फार महाग नाही. मात्र जिथे ही झडप बंद आहे तिथे आधीच्या चालकाने सगळा घाट ड्रमवर उतरवला आहे हे नक्की, आणि मग ड्रम उघडून बघितल्याशिवाय व्यवहार करू नका.

ड्रमला आतून बारीक रेषा असतील तर चालते. आरपार गेलेली तडा, निळा पडलेला पट्टा किंवा ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासापेक्षा जास्त झीज असेल तर ड्रम बदलावा लागेल. लायनिंग 6 मिलिमीटरच्या खाली असेल तर तेही. मागच्या ड्रममध्ये तेलाचा ओलसरपणा म्हणजे हब सील गेले. नवीन लायनिंग घातले तरी सील बदलेपर्यंत ते पुन्हा भिजेल.

हवेची तपासणी करा, दलाल घाई करत असला तरी. टाकी 8 बारपर्यंत भरा, इंजिन बंद करा, चाकांना ओट (अडसर) लावा, पार्किंग ब्रेक सोडा. ब्रेक पेडल एकसारखे दाबून ठेवून एक मिनिट गेज बघा. दाबताना जो काटा खाली येतो तो सोडून द्या, त्यानंतर मिनिटात पाव बारपेक्षा जास्त उतरता कामा नये. त्याच वेळी दुसऱ्या माणसाने खाली वाकून ब्रेक चेंबरचा (हवेच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या डब्याचा) दांडा किती बाहेर येतो ते मोजावे. टाइप 24 च्या चेंबरला 45 मिलिमीटर, टाइप 30 ला 50, याच्या आतच हवा. जास्त असेल तर स्लॅक अ‍ॅडजस्टर (ब्रेकची ढील भरून काढणारा भाग) सैल आहे किंवा लायनिंग संपले आहे. डाव्या-उजव्या दांड्यांत मोठा फरक असेल तर गाडी ब्रेक मारताच एका बाजूला ओढेल. पावसात ओल्या रस्त्यावर हे फार धोक्याचे. शेवटी टाकीचा ड्रेन उघडा. पाण्याबरोबर तेल आले तर कंप्रेसर ऑइल फेकतो आहे, आणि ते तेल व्हॉल्व्हची रबरे फुगवते.

मग ट्रेलर जोडा. लाल पाइप काढला की ट्रेलरची चाके आपोआप लॉक व्हायला हवीत. पहिल्या गिअरमध्ये हळूच ओढून बघा. ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते. दोन अ‍ॅक्सलच्या घोड्याला 4 ड्रम असतात, तीन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरला 6. ट्रेलरचे ब्रेक लागत नसतील तर दहा ड्रमचे काम चारांवर येते. शिवाय घाटातल्या वळणावर मागून ट्रेलर ढकलतो आणि घोडा आडवा होतो.

टर्नटेबल (घोड्यावरचा, ट्रेलर टेकतो तो पाट) आणि किंगपिन (त्यात अडकणारी ट्रेलरची पिन) व्हर्नियरने मोजा. दोन इंची नवीन पिनचा व्यास 50.8 मिलिमीटर असतो. 49 ला आला की बदलायचा. ट्रेलरचे ब्रेक लॉक करून घोडा पुढेमागे हलवा. खटखट ऐकू आली तर पिन धरणारा टर्नटेबलचा जबडा झिजलेला आहे. जबड्याचे किट मिळते, पण टर्नटेबलच्या पाटाखालच्या चासीला तडा असेल तर गाडी सोडून द्या. उरण, न्हावा शेवा बंदराच्या पट्ट्यात खाऱ्या हवेने चासी आतून सडते. रिव्हेटांच्या डोक्यांखालून गंजाचे ओघळ दिसतात का, क्रॉस मेंबरच्या कोपऱ्यांत पापुद्रे सुटतात का, हे पाना ठोकून बघा. बाकी गाडी जुनी आणि तेवढ्याच भागाला ताजा काळा रंग दिसला, तर रंग खरवडायची परवानगी मागा. विक्रेत्याने नकार दिला तर तिथेच थांबा.

ट्रायल रिकाम्या गाडीची घेऊ नका. वजनकाट्यावरून 40 टनांच्या आसपास, पण आरसीवरच्या वजनाच्या आतली, पावती घेऊन पनवेलच्या पुढे कर्नाळा खिंडीपर्यंत जा. चढावर थांबवा आणि पहिल्या गिअरमध्ये उचला. इंजिनचा आवाज चढला आणि गाडी जागेवरच राहिली तर क्लच प्लेट गेली. उतरताना गिअर स्वतःहून सुटतो का बघा. परत आल्यावर प्रत्येक ड्रमजवळ हात न टेकवता नेऊन उष्णता ताडा. एक ड्रम थंड असेल तर ते चाक काम करत नाही. एक फार तापला असेल तर ब्रेक चिकटतो आहे.

---

प्रश्न: ओळखीतून 16 टनी कार्गो ट्रक स्वस्तात मिळतो. हौदा काढून टर्नटेबल बसवून घोडा करून देणारे गॅरेज आहे. करावे का?
(एक वाचक, भिवंडी)

उत्तर: नको. अशा बऱ्याच ट्रकांना 352 मिलिमीटरची क्लच प्लेट असते, घोड्याला 380 किंवा 395 ची लागते. रेडिएटर, चासीची जाडी, ट्रेलरला हवा देणारे व्हॉल्व्ह, सगळेच वेगळे. मागचा अ‍ॅक्सल 16 टनांसाठी निवडलेला, त्यावर 40 टनांची ओढ आली की आधी क्राऊन-पिनियन (अ‍ॅक्सलमधले मुख्य गिअर) जाते. आणि आरसीवर 16 टन लिहिलेले असताना ट्रेलर ओढणे म्हणजे कलम 52 चे उल्लंघन. अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा तेच काढते.

घोडाच घेत असाल तरी मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) मोजून घ्या, कारण काही गाड्यांत अ‍ॅक्सलचे हाउसिंग बदललेले असते. पुढच्या चाकांना आणि मागच्या एका बाजूच्या चाकांना भक्कम ओट लावा, दुसऱ्या बाजूचे चाक जॅकवर उचला, जॅकखाली लाकडी ठोकळा हवाच. गिअर न्यूट्रल, टाकीत हवा भरून पार्किंग ब्रेक सोडलेला. प्रोपेलर शाफ्टवर खडूने खूण करा आणि उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवा. शाफ्टचे जितके फेरे होतील तो रेशो. जड कामाला 6 च्या वरचा हवा. तो कमी असेल तर गाडी सपाटीला डिझेल वाचवेल आणि घाटात क्लच खाईल.

---

प्रश्न: बीएस-4 घ्यावी की बीएस-6? बंदरात गेटवर तासनतास रांग असते.
(एक वाचक, द्रोणागिरी)

उत्तर: तुम्ही लिहिलेली रांगच इथे महत्त्वाची. बीएस-6 गाड्या एप्रिल 2020 पासून आल्या. त्यांच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ असतो, तो काजळी अडवतो आणि पुरेशा तापमानावर जाळून साफ होतो. रांगेत आयडलिंगवर तापमान चढत नाही, छोट्या फेऱ्यांत साफ होण्याचे चक्र अर्धवट राहते, आणि शेवटी गाडी ताकद कापते. तुमचे काम बंदर ते जवळचा कंटेनर यार्ड एवढेच असेल तर 2017 ते 2020 मधली चांगली बीएस-4 सोपी पडते. चाकण, नाशिक अशा लांब फेऱ्या असतील तर बीएस-6 त्रास देत नाही, तिचे उरलेले आयुष्यही जास्त.

बीएस-4 मध्ये एससीआर (डीईएफ हा द्रव फवारून धूर स्वच्छ करणारी यंत्रणा) असेल तर डीईएफ टाकीकडे बघा. झाकणाभोवती पांढरे खडे, रिकामी टाकी आणि तरी डॅशबोर्डवर एकही दिवा नाही, असे दिसले तर सिस्टिम फसवायला मध्ये इलेक्ट्रॉनिक डबा बसवलेला असण्याची शक्यता मोठी. पुन्हा मूळ स्थितीला आणायचा खर्च किमतीतून वजा करा. डीईएफचा वापर डिझेलच्या 4-5 टक्के, हे लक्षात ठेवून मागच्या डीईएफच्या पावत्या मागा.

स्कॅनर लावून इंजिनचे तास नक्की वाचा. बंदरातल्या गाडीचे किलोमीटर कमी दिसतात. 2 लाख किलोमीटर आणि 12,000 तास असतील तर सरासरी ताशी 17 किलोमीटरही नाही. ती गाडी बहुतेक वेळ उभ्यानेच चालली आहे, आणि इंजिन तासांवर झिजते.

---

प्रश्न: 45.5 टनी दोन अ‍ॅक्सलच्या घोड्याला लो-बेड (खालच्या पाटाचा ट्रेलर) लावून 20 टनी पोकलेन नेता येईल का? आणि जुनी गाडी घेताना कोणते कागद बघावेत?
(एक वाचक, तळोजा)

उत्तर: वजनात बसते. अडचण साइटवर येते. एकाच चालत्या अ‍ॅक्सलची चाके लाल चिखलात जागेवर फिरतात आणि गाडी रुतते. अशा कामाला 6x4 (मागचे दोन्ही अ‍ॅक्सल चालते असलेला घोडा) घ्या. पोकलेनची रुंदी बहुधा 2.6 मीटरच्या मर्यादेबाहेर जाते, तेव्हा परवानगी आधी काढा.

कागदांचे विचारलेत म्हणून: फॉर्म 29 आणि 30, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म 28. पासिंग (फिटनेस तपासणी) आठ वर्षांनंतर दरवर्षी लागते, त्याची तारीख बघा. घोडा आणि ट्रेलर दोघांचे चासी नंबर वेगळे असतात, दोन्ही पेन्सिलने कागदावर घासून छाप घ्या आणि आपापल्या आरसीशी जुळवा. ई-चलानची थकबाकी विक्रेत्याने भरल्यावरच टोकनपेक्षा जास्त पैसे द्या.