रो-हाउसमागच्या मोकळ्या जागेत लॉन करावं की लाकडी डेक?

तुमची जागा १२ बाय २० फुटांची, पश्चिमेला उघडी, आणि संध्याकाळी चार माणसांना तिथे बसता-जेवता यावं एवढीच अपेक्षा. मग माझं मत असं की लॉन आणि डेक दोन्ही तूर्त बाजूला ठेवा. आधी सावलीचं आणि पाण्याच्या उताराचं बघा. पुण्यात आमची जागा साधारण एवढीच आहे आणि तिच्यावर मी एकदा पैसे बुडवून बसलोय.

पहिल्या खेपेला वर पॉलिकार्बोनेटचे पत्रे टाकले आणि खाली चकचकीत टाइल्स. एप्रिलमध्ये खाली भट्टी, दिवेलागणीनंतरही बसवेना. जुलैत पत्र्यावर पाऊस असा वाजायचा की समोरच्याशी ओरडून बोलावं लागे. आणि ओल्या टाइल्सवरून सासरेबुवा सपशेल आडवे झाले. लागलं नाही फारसं, पण विषय अजून निघतो.

मग आठवलं आमच्या राजापूरकडचं खळं. पाऊस सरला की अंगण उकरून, चोपून, शेणाने सारवायचं, मेढी म्हणजे लाकडी खांब पुरायचे आणि वर नारळाचे झाप टाकून मांडव घालायचा. पुढे उन्हाळाभर घर तिथेच. सुपारी तिथे वाळायची, पत्ते तिथे, रात्री गोधड्या टाकून झोपणंही तिथेच. मृगाच्या आधी मांडव उतरवायचा. भर पावसात खळ्यात बसायचा हट्ट कोणी धरत नसे. पत्रे घालताना मी नेमका तोच हट्ट धरला होता.

म्हणून आता आमच्याकडे उतरवता येणारी सावली आहे. चार कोपऱ्यांत जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप, वर ताणलेल्या तारा आणि कड्यांवर पडद्यासारखी सरकणारी, ७५ टक्के ऊन अडवणारी शेडनेट. पाइप दीड-दोन फूट काँक्रीटमध्ये गाडून घ्या, कारण वळवाच्या वाऱ्यात नेट शिडासारखी फुगते. संध्याकाळी नेट गुंडाळली की वर मोकळं आकाश. पक्कं छप्पर घालायचंच असेल, तर आधी सोसायटी आणि महापालिकेकडे परवानगीचं विचारा.

पण पश्चिमेचं ऊन वरून येत नाही, आडवं येतं, म्हणजे नुसत्या छताने तुमचं भागणार नाही. त्या बाजूला जाळी उभी करून मधुमालती चढवा. झपाट्याने वाढते. फुलं संध्याकाळी पांढरी उमलतात, मग गुलाबी आणि लाल होतात, वासही येतो. जाळी लांबीला जरा जास्त घ्या, कारण मेमध्ये सूर्य वायव्येकडे सरकून मावळतो आणि डिसेंबरात नैर्ऋत्येकडे. मी फक्त डिसेंबरातलं ऊन बघून जाळी लावली होती, मेमध्ये ते बाजूने थेट डोळ्यांत आलं.

खाली बिनपॉलिशची शहाबादी फरशी. पाय घसरत नाही, डाग पडला तरी जिवाला लागत नाही. दर दहा फुटांना दीड इंच उतार द्या, घराकडून बाहेर. गवंडी ‘डोळ्याने बरोबर आहे’ म्हणेल. तुम्ही दोन बादल्या पाणी ओतून बघा आणि मगच पैसे द्या. ते पाणी शेजाऱ्यांच्या भिंतीशी साचणार नाही ना, तेही तेव्हाच कळेल.

बसायला भिंतीलगत विटांचा कट्टा बांधा, १६ इंच उंच, १८ इंच रुंद. वर काळा कडाप्पा नको, मेमध्ये दिवस मावळला तरी तापलेला असतो. जेवायला घडीचं टेबल पुरतं. डेकचा मोह मलाही होता, पण आपल्या पावसात लाकडाला दरवर्षी तेलपाणी करायची तयारी हवी. माझी नाही. झोपाळा हवाच असेल तर हुक आरसीसी तुळईत, विटांच्या भिंतीत नाही.

दिवे पिवळे घ्या आणि भिंतीवर बाजूला लावा. ताटाच्या बरोबर वर पांढरा दिवा लावला की आमटीत किडे ठरलेले. डासांसाठी मेणबत्त्या, उदबत्त्या सगळं करून झालं. खरा उपयोग झाला तो दोन गोष्टींचा. एक, कट्ट्याशेजारी ठेवलेला साधा टेबलफॅन. दुसरी, कुंड्यांखालच्या बशा दर रविवारी ओतणं, कारण साचलेल्या पाण्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.