स्टेंट न घालणे हाही उपचारच

प्रश्न : माझ्या ३९ वर्षांच्या धाकट्या बहिणीला मागच्या महिन्यात हृदयविकाराचा झटका आला. तिला मधुमेह नाही, रक्तदाब नाही, कोलेस्टेरॉलही बेताचे आहे. अँजिओग्राफीनंतर डॉक्टरांनी ‘स्कॅड’ असे निदान केले आणि स्टेंट न घालता सहा दिवसांनी घरी सोडले. आता नातेवाईक म्हणतात, मोठ्या शहरात नेऊन स्टेंट बसवून घ्या. आम्ही काय करावे? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या बहिणीचे दुखणे थांबले असेल आणि प्रकृती स्थिर असेल, तर स्टेंटसाठी धावपळ करू नये. स्कॅडमध्ये (स्पॉन्टेनियस कॉरोनरी आर्टरी डिसेक्शन, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीला आपोआप आतून पडणारी चीर) चरबी साठून वाहिनी बंद होत नाही. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीच्या भित्तीचे थर आपोआप सुटतात, त्यांच्यामध्ये रक्त साकळते आणि त्या दाबाने आतला मार्ग अरुंद होतो. अशा नाजूक वाहिनीत स्टेंट बसवण्यासाठी तार सरकवताना ती चुकीच्या थरात शिरू शकते, आणि फुगा फुगवला की साकळलेले रक्त पुढेमागे सरकून चीर वाढू शकते. याउलट, तसेच राहू दिले तर बहुसंख्य रुग्णांमध्ये ही वाहिनी काही आठवड्यांत ते महिन्यांत आपली आपण भरून येते. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१८ सालच्या निवेदनातही स्थिर रुग्णाला औषधांवर ठेवण्याचाच सल्ला आहे. पहिल्या काही दिवसांत चीर वाढण्याचा धोका असल्याने रुग्णालयात लक्ष ठेवणे मात्र आवश्यक असते, आणि ते आपल्या डॉक्टरांनी केलेले दिसते. छातीतले दुखणे थांबतच नसेल, रक्तदाब कोसळत असेल, ठोके धोकादायकरीत्या बिघडत असतील किंवा डाव्या मुख्य वाहिनीलाच चीर असेल, तर अँजिओप्लास्टी किंवा बायपासचा विचार करावाच लागतो.

बीटा ब्लॉकर गटातील (हृदयाचे ठोके आणि रक्तदाब कमी ठेवणाऱ्या) गोळ्या आणि आटोक्यात ठेवलेला रक्तदाब यांमुळे हा आजार पुन्हा होण्याची शक्यता कमी होते, असे आढळले आहे. त्यामुळे ‘आता बरे वाटते’ म्हणून त्या गोळ्या मनाने बंद करू नयेत. कोलेस्टेरॉलची गोळी मात्र केवळ स्कॅडसाठी लागत नाही. या रुग्णांपैकी अनेकांच्या मानेतल्या किंवा मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांतही फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेझिया (वाहिनीच्या भित्तीची वाढ बिघडणे) हा दोष सापडतो, तेव्हा डोक्यापासून ओटीपोटापर्यंतच्या वाहिन्यांचे सीटी स्कॅन एकदा करावे का, हे विचारून घ्यावे. चालण्याचा व्यायाम डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू सुरू करावा. श्वास रोखून जड वजन उचलणे टाळावे. संप्रेरकांच्या गर्भनिरोधक गोळ्या आणि पुढील गर्भधारणा यांविषयी हृदयरोगतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांशी बोलल्याखेरीज निर्णय घेऊ नये.

स्कॅडच्या रुग्णांत सुमारे नव्वद टक्के स्त्रिया असतात, आणि बाळंतपणाच्या आगेमागे येणाऱ्या झटक्यांचे हे एक प्रमुख कारण आहे. तरीही तरुण बाईच्या छातीतल्या कळीला ‘पित्त झाले असेल’ म्हणून घरातच दडपले जाते, याचे फार वाईट वाटते. बहिणीला पुन्हा तशी कळ आली, तर वाट न पाहता तातडीने ईसीजी आणि ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणारी रक्ताची) तपासणी करून घ्यावी.

दुसरे मत हवेच असेल, तर बहिणीला घेऊन धावण्याआधी अँजिओग्राफीची सीडी स्कॅडचे रुग्ण पाहिलेल्या तज्ज्ञाला दाखवावी. बहुतेकदा तेवढे पुरते.