कादंबरी वाचण्यात अभ्यासाचा वेळ वाया जातो का?

“मॅडम, उतारा दोनदा वाचतो, पण प्रश्नाकडे आलो की पाटी कोरी!” सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधून येणारी मुलं-मुली हे सतत सांगतात. राज्यसेवा पूर्वपरीक्षेत सीसॅटला, म्हणजे आकलन आणि तर्कक्षमतेच्या पेपरला, आता 33 टक्के गुण पुरतात. तरी पेपरचा मोठा भाग उताऱ्यांचाच, शिवाय चुकलं की गुण कापले जातात.

त्यातलाच एक 23 वर्षांचा मुलगा. बारावीपर्यंत कादंबऱ्यांचा फडशा पाडणारा. मग ‘टाइमपास बंद’ म्हणून नुसत्या नोट्स. उतारा समोर आला की हायलायटर घेऊन प्रत्येक ओळ रंगवायचा.

एका भेटीत मी त्याला कथेतलं एक पान दिलं. आई मुलांना वाढते, स्वतःचं ताट घेत नाही.

“का घेत नाही?”

“दिलेलं नाही, मॅडम.”

“पेन ठेव. पुन्हा वाच.”

बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “भाकरी संपली असणार. ती दोनदा टोपलीत बघते. थोरल्याला ते कळलंय, म्हणून तो भूक नाही म्हणतो.”

“हे कुठे लिहिलंय?”

“कुठेच नाही. पण आहे!”

लगेच त्याच्याच फाइलमधला शेतीकर्जावरचा उतारा पुढे केला. ‘लेखकाला काय सुचवायचे आहे?’ इथे तो हमखास अडायचा. त्या दिवशी अडला नाही. त्याचा चेहरा बघून मलाही फार समाधान वाटलं.

आकलन म्हणजे मजकूर टिपून घेणं नव्हे. वाचलेलं मनात उभं करायचं आणि न लिहिलेलं त्यातून ओळखायचं, असं मी मानते. कादंबरी हे काम पानोपानी करून घेते, तेही गोडीने. 2009 च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीतल्या 35 देशांच्या माहितीवरून अभ्यासकांनी दाखवलं की, आवडीने वारंवार कथा-कादंबऱ्या वाचणाऱ्या 15 वर्षांच्या मुलांचं वाचनकौशल्य इतरांपेक्षा सरस होतं. वर्तमानपत्रं, मासिकांच्या वाचनात तसा फरक दिसला नाही. मुळात चांगलं वाचणारी मुलंच कादंबरीकडे वळत असतील, हीही शक्यता आहेच. पण तरुणांसोबत काम करताना मला हा संबंध वारंवार दिसतो.

म्हणून रोज अर्धा तास कादंबरी वाचा. मोबाइल दुसऱ्या खोलीत, हातात पेन नको. पुस्तक मिटल्यावर स्वतःला एवढंच विचारा: हा माणूस असं का वागला? वेळ लावून उतारे सोडवणं मात्र सोडू नका. वेग त्यानेच येतो. लहानपणापासून अक्षरं, ओळी सुटत असतील तर आधी तपासणी करून घ्या. आणि पुस्तकात मन रमत नसेल, तर ग्रंथालयात परत देऊन खुशाल दुसरं आणा.