एचडीएलचा आलेख हाती घेण्याआधी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एचडीएल, म्हणजे ज्याला ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल म्हणतात ते, कमी असलेल्यांना हृदयविकार जास्त होतो, हे तुझ्या नमुन्यांतही दिसलं, म्हणून एचडीएल वाढवणारा रेणू शोधायचा, असा तुझा बेत आहे. आलेख स्वच्छ आलाय. पण असाच आलेख हाती धरून आमच्या पिढीतले कितीतरी जण वर्षानुवर्षं चालत राहिले. मीही त्यांतलीच, म्हणून तुला जरा थांबवते आहे.

टॉर्सेट्रापिबची गोष्ट तुला परीक्षेपुरती ठाऊक असेल. रक्तातल्या कणांमध्ये चरबीची अदलाबदल करणारं सीईटीपी हे प्रथिन अडवणारं ते औषध. सुमारे १५,००० रुग्णांच्या चाचणीत त्याने एचडीएल ७० टक्क्यांहून जास्त वाढवलं, एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, पाव हिश्श्याने उतरवलं. आणि डिसेंबर २००६मध्ये चाचणी थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होत होते. औषधाने रक्तदाबही वाढत होता. तेव्हा आम्ही म्हटलं, दोष या रेणूचा आहे, कल्पनेचा नाही. ते म्हणणं चुकीचं नव्हतं, पण त्यात आमची इच्छाही मिसळलेली होती.

मग २०१२मध्ये जनुकांनी उत्तर दिलं. एचडीएल मोडणाऱ्या एंडोथेलियल लायपेज या विकराच्या जनुकातल्या एका बदलामुळे काही माणसांचं एचडीएल जन्मापासूनच थोडं जास्त असतं. एचडीएल खरोखर राखण करत असेल, तर या लोकांना हृदयविकाराचे झटके कमी यायला हवे होते. तसं आढळलं नाही. त्याच पद्धतीने एलडीएलकडे बघ. एलडीएल वाढवणाऱ्या पीसीएसके९ या प्रथिनाचं जनुक निकामी झालेल्या काही कृष्णवर्णीय अमेरिकन लोकांत एलडीएल सुमारे २८ टक्क्यांनी कमी होतं आणि हृदयधमन्यांचा आजार तब्बल ८८ टक्क्यांनी कमी. हे हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी २००६मध्ये दाखवलं. एलडीएलमधली घट एवढीशी आणि फायदा इतका मोठा, कारण ती घट जन्मभराची होती. एक आकडा या कसोटीला उतरला, दुसरा नाही.

मग कमी एचडीएल आजाऱ्यांत दिसतं ते का? इथे तू निवांत बस, कारण खरा रस इथेच आहे. रक्तात ट्रायग्लिसराइड या चरबीने भरलेले कण वाढले की सीईटीपी त्यांतलं ट्रायग्लिसराइड एचडीएलमध्ये आणतं आणि एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल तिकडे नेतं. असे बदललेले एचडीएल कण रक्तातून लवकर नाहीसे होतात. म्हणजे तुझ्या आलेखातला खालचा आकडा बऱ्याचदा दुसऱ्याच कणांची सावली असतो. शिवाय आपण मोजतो ते एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल. तो कण धमनीच्या भिंतीतल्या मॅक्रोफेज या भक्षक पेशींमधून कोलेस्टेरॉल उचलतो की नाही, हे त्या आकड्याला माहीतच नसतं.

म्हणून रेणू शोधायच्या आधी तक्त्यात ट्रायग्लिसराइड आणि अपोबी (कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांवरचं एक प्रथिन) यांचे रकाने घाल. एलडीएल असो, ट्रायग्लिसराइड वाहणारं व्हीएलडीएल असो, दर कणावर अपोबीचा एकच रेणू असतो, त्यामुळे अपोबी मोजलं की कणच मोजले जातात. तुझं एलडीएल प्रत्यक्ष मोजलेलं आहे की इतर आकड्यांवरून अंदाज बांधणाऱ्या फ्रीडवाल्डच्या सूत्राने काढलेलं, हेही प्रयोगशाळेला विचार. ट्रायग्लिसराइड दर डेसिलिटरला ४०० मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते सूत्र लागू पडत नाही.

उंदरांबद्दल एवढंच: त्यांच्यात सीईटीपी नसतं आणि त्यांचं बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमध्येच असतं. तिथे एचडीएल वाढलं म्हणून हुरळून जाऊ नकोस.

आणि नमुने पुन्हा पुन्हा वितळवू नकोस. एकदा आमच्याकडे तीनदा वितळवलेल्या प्लाझ्मावर कणांचे आकार मोजले गेले. जे मोठाले कण दिसले ते आजाराचे नव्हते, फ्रीजरचे होते. अख्ख्या हंगामाचं काम टाकून द्यावं लागलं आणि त्या मुलीचे रडून लाल झालेले डोळे अजून आठवतात. प्रत्येक नळीवर ती किती वेळा वितळली हे लिहीत जा.

दोन्ही रकाने भरून झाले की तक्ता पाठव. ट्रायग्लिसराइड आणि अपोबी हिशेबात घेतल्यावरही एचडीएलचा संबंध टिकला, तर मी रात्र जागून तो तुझ्याबरोबर तपासेन. नाही टिकला, तर मॅक्रोफेजमधून कोलेस्टेरॉल बाहेर पडण्याचा प्रयोग कसा लावायचा ते शिकवते. पेशी माझ्याकडे आहेत.

तुझी,
बाई