ट्रायकोमोनासचा रिपोर्ट बायकोचा, मग गोळ्या नवऱ्याने का घ्यायच्या?

ताई, तुम्ही लिहिलंय की अंगावरून पिवळसर, वास येणारं जातं, लघवीला आग होते, मेडिकलमधून आणलेल्या क्रीमचा उपयोग झाला नाही. आता रिपोर्टात ‘ट्रायकोमोनास’ आलाय आणि मिस्टर म्हणतात, मला काही त्रास नाही, मी कशाला गोळ्या खाऊ?

खाव्या लागतील. ते टाळलं तर तुमचा कोर्स वाया जायची शक्यता मोठी.

मी लॅबमध्ये काम करते. ट्रायकोमोनास हा एकपेशीय परजीवी आहे, बुरशी नव्हे, त्यामुळे बुरशीच्या क्रीमने तो हलत नाही. स्रावाचा थेंब सलाईनमध्ये घेऊन लगेच मायक्रोस्कोपखाली ठेवला, तर पू-पेशींच्या गर्दीत एखादी नाशपातीच्या आकाराची पेशी झटके देत फिरताना दिसते. सॅम्पल गार झालं की ती थांबते, आणि मग ओळखणं अवघड. म्हणून या तपासणीत ‘निगेटिव्ह’ आलं तरी मी निर्धास्त होत नाही. पीसीआरमध्ये, म्हणजे परजीवीचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीत, तो जास्त खात्रीने सापडतो.

पुरुषांत तो मूत्रमार्गात, प्रोस्टेटमध्ये राहतो आणि बहुतेकांना पत्ताच नसतो. एकूण लागण झालेल्यांपैकी साधारण ७० टक्के लोकांना लक्षणं नसतात. पसरतो तो शरीरसंबंधातून, पण कित्येक महिने गुपचूप राहू शकतो. त्यामुळे कुणाकडून कुणाला आणि कधी, हे या रिपोर्टवरून कळत नाही. त्यावरून घरात भांडण काढू नका, दोघं मिळून डॉक्टरांकडे जा.

औषध साधं आहे: मेट्रोनिडाझोल. स्त्रियांना सहसा ५०० मिलिग्रॅम दिवसातून २ वेळा, ७ दिवस. पुरुषांना २ ग्रॅम एकदाच. तुमचा डोस डॉक्टर ठरवतील. तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळतं. जरा बरं वाटलं की गोळ्या सोडणारे पुष्कळ भेटतात, तसं करू नका. दोघांचे उपचार संपून त्रास थांबेपर्यंत संबंध नकोत.

दिवस गेले असतील तर आधी सांगा. उपचार गरोदरपणातही होतात, आणि दुर्लक्ष केलं तर अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका वाढतो. या आजारात एचआयव्हीची लागण होण्याची शक्यताही वाढते, तेव्हा एचआयव्हीची आणि सिफिलिसची (हाही संबंधातून पसरणारा आजार) तपासणी दोघांनी करून घ्या. जिल्हा रुग्णालयात अशा आजारांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, तिथे हे मोफत होतं. ३ महिन्यांनी तुमची तपासणी पुन्हा करायची, त्रास नसला तरी.